हरवलेल्या हातांचा माग

व्हिएन्ना, १९५४. बालरोगतज्ज्ञ अँड्रियास रेट यांच्या दवाखान्यात माणसं आपला नंबर लागायची वाट बघत बसली होती. त्यांत दोन वेगळ्या घरांतल्या दोन मुली होत्या, आपापल्या आईच्या मांडीवर. रेट यांची नजर त्यांच्या हातांवर गेली आणि तिथेच थांबली. पाणी नसताना हात धुवावेत तसे दोघींचे तळवे एकमेकांवर सतत फिरत होते. एकीचे जसे, तसेच दुसरीचे.

त्या दिवशी यांतली एकच मुलगी आली असती, तर? ‘मतिमंद’ असा शेरा कागदावर पडला असता आणि पुढचा रुग्ण आत गेला असता. तोवर जगभर हेच होत आलं होतं. पण दोघी एकाच वेळी समोर होत्या, म्हणून रेट यांनी जुनी कागदपत्रं उपसली. त्यांत आणखी सहा मुली सापडल्या. सगळ्या मुलीच, एकही मुलगा नाही! मग त्यांनी या मुलींचं चित्रीकरण केलं आणि अशी आणखी मुलं कुठे आहेत का, हे शोधत ते युरोपभर हिंडले.

१९६६ मध्ये त्यांनी हे सगळं जर्मन भाषेत छापलं. या मुलींच्या रक्तात अमोनिया वाढतो, असं कारण त्यांनी दिलं होतं. ते साफ चुकीचं निघालं. लक्षणांचं वर्णन मात्र इतकं नेमकं होतं की आजही ते वाचून डॉक्टर मुलगी ओळखू शकतील. तरी जगाने ते वाचलंच नाही. तिकडे स्वीडनमध्ये बेंग्ट हागबर्ग नावाचे डॉक्टर १९६० पासून अगदी अशाच मुलींची नोंद ठेवत होते आणि त्यांना रेट यांच्या कामाचा पत्ताच नव्हता. अखेर १९८३ मध्ये हागबर्ग यांनी फ्रान्स आणि पोर्तुगालमधल्या सहकाऱ्यांबरोबर ३५ मुलींचा अभ्यास इंग्रजीत प्रसिद्ध केला आणि आजाराला नाव दिलं ते रेट यांचं. रेट सिंड्रोम. साधारण दहा ते पंधरा हजार मुलींमागे एकीला होणारा हा आजार तेव्हा कुठे जगाला दिसू लागला.

या आजारात होतं तरी काय?

मुलगी जन्मते तेव्हा सगळं ठीक वाटतं. ती हसते, वळते, बसते, खुळखुळा धरते, एखाद-दुसरा शब्द बोलते. मग सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान तिची प्रगती मंदावते. आणि त्यानंतर आलेलंच जाऊ लागतं. बिस्कीट उचलून तोंडात घालणारा हात ते उचलणं विसरतो. शब्द नाहीसे होतात. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हात हाताला घट्ट धरतात, पिळतात, चोळतात, तोंडात जातात. चालत असेल तर चाल अडखळते, काहींची कायमची जाते. फिट येतात, दात करकरतात, पाठीचा कणा हळूहळू वाकतो.

आणि मग एक विलक्षण गोष्ट घडते. घसरण थांबते. मेंदूच्या कित्येक आजारांत उतार एकदा लागला की तो शेवटपर्यंत लागतो. इथे मात्र वादळ ओसरतं. मुलगी पुन्हा माणसांकडे बघू लागते, डोळ्याला डोळा देते, आवडत्या माणसाला पाहून खुलते. पुढे वर्षानुवर्षं ती बऱ्यापैकी स्थिर राहते आणि योग्य काळजी मिळाली तर अनेक जणी चाळिशी गाठतात. मेंदू मरत चालला असता, तर उतार मध्येच थांबला असता का? हा प्रश्न लक्षात ठेवा. त्याचं उत्तर मिळायला १९८३ नंतर चोवीस वर्षं लागणार होती.

आधी श्वासाचं कोडं बघू. यातल्या अनेक मुली जाग्या असताना अचानक भरभर श्वास घेऊ लागतात, मग श्वास रोखून धरतात, कधी ओठ निळे पडेपर्यंत. बघणाऱ्याचा जीव कासावीस होतो. रात्री तीच मुलगी झोपली की श्वास बहुतेक वेळा संथ, नियमित! फुप्फुसं तीच, छाती तीच. म्हणजे बिघाड छातीत नाहीच. तो मेंदूच्या देठात आहे, जिथून श्वास, हृदयाचे ठोके, रक्तदाब, आतड्यांची हालचाल हे सगळं आपल्या नकळत चालतं. संशोधक पीटर जुलू यांनी स्वीडनमधल्या रेट केंद्रात या मुलींचा श्वास, ठोके आणि रक्तदाब एकाच वेळी मोजले. हृदयाची गती आवरून धरणारी मज्जासंस्थेची बाजू या मुलींमध्ये वय वाढलं तरी नवजात बाळाइतकीच कच्ची राहिलेली दिसली. मग इतर लक्षणांचेही धागे जुळू लागले. या मुलींचे तळपाय थंडगार आणि निळसर का असतात, पोट फुगलेलं आणि शौच कोंडलेलं का असतं, यांच्या हृदयाचा आलेख नियमित का काढायला हवा? सगळ्याची नाळ त्याच देठाशी.

आता आणखी एक कमाल. ‘पहिले सहा महिने सगळं ठीक होतं’ हे आई-वडील सांगतात, डॉक्टरही लिहितात. पण खरंच ठीक होतं का? भूतकाळात जाऊन बाळाला तपासणार कसं? ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातले क्रिस्टा आइनश्पीलर आणि हाइन्झ प्रेख्टल, आणि ग्लासगोच्या अ‍ॅलिसन केर यांनी एक साधी युक्ती केली. त्यांनी पालकांच्या घरातल्या जुन्या चित्रफिती मागवल्या, बाळाच्या कौतुकासाठी काढलेल्या. २२ मुलींच्या पहिल्या सहा महिन्यांतल्या या फिती त्यांनी बारकाईने पाहिल्या आणि २००५ मध्ये निष्कर्ष छापले. तान्ही बाळं पडल्या पडल्या हातपाय हलवतात, त्या हालचालींना एक ओघ असतो, सतत बदलणारी लय असते. या सगळ्या मुलींच्या हालचालींत ती नीट नव्हती. काहींची जीभ वारंवार बाहेर येत होती, काहींचे डोळे एकाच वेळी उघडमीट करत नव्हते. कपाटात पडून असलेल्या फितींमध्ये आजार केव्हाचा टिपलेला होता. काय बघायचं, एवढंच कुणाला ठाऊक नव्हतं.

लक्षणं हाती आली. पण मूळ?

ते शोधायला निघाल्या हुडा झोगबी. जन्म बैरूतचा, शिक्षण अर्धवट असताना यादवीमुळे देश सुटला आणि त्या अमेरिकेत आल्या. ह्यूस्टनमध्ये मेंदूविकाराचं प्रशिक्षण घेत असताना, हागबर्ग यांचा लेख निघाला त्याच वर्षी, १९८३ मध्ये, त्यांनी अशी पहिली मुलगी पाहिली. लवकरच दुसरी भेटली, जिला सेरेब्रल पाल्सी आहे असं सगळे समजत होते. तिचेही हात तसेच! झोगबींनी ठरवलं, याचं जनुक शोधायचं. अनेक जाणकारांना हे व्यर्थ वाटत होतं, आणि त्याला कारण होतं. आनुवंशिक आजाराचं जनुक शोधायचं तर एकाच घराण्यातले बरेच रुग्ण लागतात, आणि इथे बहुतेक घरांत एकच मुलगी आजारी. मग हा आजार आनुवंशिक म्हणायचा तरी कसा?

दुवा मिळाला तो मोजक्या अपवादांतून. दोन आजारी बहिणी, आई एक आणि वडील वेगळे. म्हणजे दोघींमध्ये जे समान असेल ते आईकडूनच आलेलं. अशा थोड्या घरांच्या आधारे शोध आक्रसत एक्स गुणसूत्राच्या टोकापर्यंत आला. तिथली जनुकं एकेक करून तपासताना झोगबींच्या प्रयोगशाळेतल्या रूथी अमीर यांना १९९९ मध्ये ते सापडलं. सोळा वर्षांनी! जनुकाचं नाव एमईसीपी-२.

गंमत म्हणजे या जनुकाचं प्रथिन आधीच माहीत होतं. संशोधक एड्रियन बर्ड यांनी ते १९९२ मध्येच शोधलं होतं, आणि त्यांच्या डोक्यात कुठलाही आजार नव्हता. त्यांचं कुतूहल वेगळं होतं. आपल्या डीएनएच्या सलग मजकुरात काही ‘सी’ अक्षरांवर मिथाइल नावाची इवलीशी रासायनिक खूण असते. ती खूण वाचतं कोण? तर हे प्रथिन.

ते खूण वाचून करतं काय? पंख्याचा रेग्युलेटर डोळ्यांसमोर आणा. पंखा चालू-बंद करायचं बटण वेगळं, आणि तो किती वेगाने फिरावा हे ठरवणारा रेग्युलेटर वेगळा. एमईसीपी-२ प्रथिन हे दुसरं काम करतं. मेंदूच्या पेशीतल्या हजारो जनुकांचा वेग ते किंचित कमी, किंचित जास्त असा राखतं. आणि एका पेशीत अशी किती प्रथिनं असावीत? उंदराच्या प्रौढ मेंदूत मोजलं तेव्हा एका मज्जापेशीच्या केंद्रकात ती सुमारे १ कोटी ६० लाख भरली! एवढा मोठा फौजफाटा जन्मानंतर, मेंदू घडत असताना, वाढत जातो. म्हणून तर मुलगी जन्मताना ठीक दिसते. प्रथिनाची गरज वाढत जाते आणि ते कमी पडतंय हे वर्ष-दीड वर्षात उघडं पडतं.

आता श्वास रोखून ऐका, कारण इथे निसर्गाने थट्टाच केली आहे. मिथाइलची खूण असलेलं ‘सी’ अक्षर रासायनिकदृष्ट्या डळमळीत असतं. ते कधीमधी आपोआप बदलून ‘टी’ होतं. एमईसीपी-२ जनुकात वारंवार आढळणाऱ्या चुका बहुतेक अशाच आहेत, ‘सी’च्या जागी ‘टी’. म्हणजे जे प्रथिन या खुणा वाचतं, त्याचंच जनुक त्या खुणांमुळे बिघडतं!

थट्टा इथे संपत नाही. शुक्रपेशी तयार होत असताना त्यांच्या डीएनएवर या खुणा भरपूर असतात. त्यामुळे ही चूक बहुतेक वेळा वडिलांकडच्या एक्सवर घडते, अगदी नव्याने, आधी घराण्यात काही नसताना. आणि वडील आपलं एक्स गुणसूत्र देतात कुणाला? फक्त मुलीला. मुलाला त्यांच्याकडून वाय मिळतं. रेट यांच्या कागदपत्रांत एकही मुलगा का नव्हता, याचं मोठं कारण हे.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. गरोदरपणी आईने काय खाल्लं, ग्रहण पाळलं की नाही, बाळाला कुणाची दृष्ट लागली का, यांतल्या कशाचाही या आजाराशी संबंध नाही. वडिलांचाही दोष नाही. अब्जावधी अक्षरांच्या मजकुरात एक अक्षर बदललं, एवढंच. पुढच्या बाळाला हाच आजार होण्याची शक्यताही बहुतेक घरांत एक टक्क्याहून कमी असते.

क्वचित एखाद्या मुलाला ही चूक मिळतेच. त्याच्याकडे एकच एक्स. बहुतेकदा तो जन्मापासून गंभीर आजारी असतो आणि फार जगत नाही. मग मुलगी कशी तगते? तिच्याकडे दोन एक्स असतात, पण प्रत्येक पेशी त्यांतलं एकच वापरते आणि दुसरं मिटवून ठेवते. कुठलं मिटवायचं हे गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत पेशी आपापलं ठरवते आणि तिच्या सगळ्या लेकी पेशी तोच निर्णय पाळतात. मेरी लायन या ब्रिटिश संशोधिकेने हे १९६१ मध्ये मांडलं. तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलेलंही आहे. काळे आणि नारिंगी डाग असलेली कबरी मांजर आठवा. काळ्या डागातल्या पेशी एक एक्स वापरतात, नारिंगी डागातल्या दुसरं. म्हणून तर अशी मांजर जवळपास नेहमी मादी असते.

रेट सिंड्रोम असलेल्या मुलीचा मेंदू असाच कबरा असतो. एक पेशी धडधाकट, तिच्या शेजारची प्रथिनाला मुकलेली. कुणात धडधाकट पेशी जास्त, कुणात कमी. म्हणून जनुकातली चूक तंतोतंत सारखी असूनही एक मुलगी चालते आणि दुसरीला बसताही येत नाही. एकसारख्या जुळ्या बहिणींतही असा फरक पडलेला दिसतो.

आता त्या लक्षात ठेवायला सांगितलेल्या प्रश्नाकडे येऊ. मेंदू मरतोय का? ह्यूस्टनच्या डॉना आर्मस्ट्राँग यांनी मृत्यूनंतर या मुलींचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. पेशी मेलेल्या नव्हत्या. त्या लहान होत्या, दाटीवाटीने बसलेल्या होत्या, त्यांच्या फांद्या तोकड्या होत्या. पण होत्या! मग हरवलेलं प्रथिन परत दिलं, तर?

२००७ मध्ये एडिंबरात जॅकी गाय आणि एड्रियन बर्ड यांनी हे करून पाहिलं. त्यांनी असे उंदीर तयार केले, ज्यांच्या एमईसीपी-२ जनुकात एक अडसर घातलेला होता. टॅमॉक्सिफेन हे औषध दिलं की अडसर निघावा, अशी रचना. उंदीर वाढले, आजारी पडले. थरथर, बिघडलेला श्वास, मंदावलेली चाल. मग औषध दिलं. घडलेला मेंदू काही पुन्हा घडत नाही, असंच बहुतेकांना वाटत होतं. पण लक्षणं मागे फिरली. मरणाच्या दारातले उंदीर इतर उंदरांसारखे फिरू लागले. पूर्ण वाढ झालेल्या प्राण्यात, आजार पुरता पसरल्यानंतर! उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरंच. पण मेंदूच्या विकासाचा बिघाड म्हणजे कायमचा बिघाड, ही समजूत त्या दिवशी हादरली.

मग जनुक भरायचं आणि मोकळं व्हायचं का? इथे रेग्युलेटर आडवा येतो. २००५ मध्ये असे मुलगे आढळले, ज्यांच्यात एमईसीपी-२ जनुकाची एक जास्तीची प्रत होती. त्यांनाही बोलता येत नव्हतं, फिट येत होत्या, वारंवार जंतुसंसर्ग होत होता. प्रथिन कमी पडलं तर एक आजार, दुप्पट झालं तर दुसरा. आणि मुलीच्या कबऱ्या मेंदूत निम्म्या पेशींकडे ते आधीच पुरेसं आहे! कुठल्या पेशीत किती घालायचं, ही या उपचाराची खरी अडचण. निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर हे जनुक मेंदूत पोहोचवण्याच्या चाचण्या २०२३ पासून माणसांत सुरू झाल्या आहेत आणि प्रथिन जास्त होऊ नये यासाठीची तजवीज त्या जनुकातच केलेली असते. तरीही २०२४ मध्ये एका चाचणीत मोठी मात्रा दिलेल्या एका रुग्णाचा मृत्यू झाला आणि ती मात्रा बंद करावी लागली. वाट आशेची आहे, पण निसरडी.

दरम्यान एक औषध प्रत्यक्ष आलं आहे. शरीरातल्या एका वाढीच्या प्रथिनाच्या टोकाशी तीन अमिनो आम्लांचा छोटा तुकडा असतो. त्याच्यावर बेतलेल्या ट्रॉफिनेटाइडला मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. रेट सिंड्रोमचं हे पहिलंच औषध. पण विचार करा, जी मुलगी ‘बरं वाटतंय’ असं सांगू शकत नाही, हाताने खूणही करू शकत नाही, तिच्यावर औषधाचा गुण आला हे मोजायचं कसं? उत्तर होतं, तिला रोज सांभाळणाऱ्या माणसाला विचारून. ४५ प्रश्नांची एक यादी असते. हात किती वेळ चोळते, श्वास किती वेळा रोखते, रात्री उगाच हसत उठते का? गुण जितके कमी, तितका त्रास कमी. ५ ते २० वर्षांच्या १८७ मुली आणि तरुणींवर १२ आठवडे चाचणी झाली. खोटं औषध घेणाऱ्यांचे गुण सरासरी १.७ने उतरले, खरं घेणाऱ्यांचे ४.९ने. फरक लहान, पण खरा. त्याची किंमतही होती. औषध घेणाऱ्या पाचांतल्या चौघींना जुलाब झाले. हा आजार बरा करणारं औषध नाही, आणि तसं कुणी म्हणतही नाही. पण आईचं रोजचं निरीक्षण इथे विज्ञानाचं मोजमाप झालं, हे केवढं मोठं!

आणि शेवटचं आश्चर्य या मुलींच्या नजरेत आहे. बुद्धीच्या जवळपास सगळ्या चाचण्यांना हात तरी लागतात, नाहीतर बोलणं. या मुलींकडे दोन्ही नाही, म्हणून शून्य गुण. मग संशोधकांनी नजर टिपणारे कॅमेरे लावले. पडद्यावर चित्रं ठेवली आणि मुलगी कुठे, किती वेळ बघते ते नोंदवलं. त्या माणसांच्या चेहऱ्यांकडे, डोळ्यांकडे आवर्जून बघत होत्या, आवड-निवड दाखवत होत्या. आज यांतल्या काही जणी नजरेने चालणाऱ्या संगणकावर ‘पाणी हवं’, ‘हे नको’ असं सांगतात. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागतो, बराच वेळ. आपण वाट बघत नाही, ही आपली उणीव आहे.

म्हणून ओळखीतल्या एखाद्या बाळाचे आलेले शब्द गेले, धरता येणारी वस्तू धरेनाशी झाली, तर ‘काही मुलं उशिरा बोलतात’, ‘होईल हळूहळू’ असं म्हणून थांबू नका. येण्यात उशीर होणं वेगळं आणि आलेलं जाणं वेगळं. बाळाचा, त्याच्या हातांचा, श्वासाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, जुने व्हिडिओ पुसू नका, आणि सगळं घेऊन मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञाला भेटा. एमईसीपी-२ची तपासणी रक्ताच्या नमुन्यावर होते. ती सुचण्यासाठी मात्र आधी कुणीतरी नीट बघितलेलं असावं लागतं.